शेवटच्या नंबरची हजेरी

मिरचीची हजेरी काही केल्या लागत नसे.

पोरगी शाळेत असे, वर्गात असे, पहिल्या बाकाच्या कडेला उशी देऊन बसवलेली असे, कान टवकारून सरांच्या तोंडाकडे बघत असे. सर म्हणत, "सतरा." मिरचीची मान हलायला लागे, जबडा इकडून तिकडे जाई, ओठ जमवाजमव करत, आणि 'हजर'मधला नुसता 'ह' बाहेर पडेपर्यंत सर बरेच पुढे गेलेले असत. सतरा गैरहजर. जन्माच्या वेळी श्वास घ्यायला तिला उशीर झाला होता. तेव्हापासून हात, पाय आणि जीभ तिचं ऐकत, पण आपापल्या सवडीने. डोकं मात्र असं चालायचं की समोरच्याला पळता भुई थोडी व्हावी. आईने तिला मिरची म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही. खरं नाव शाळेत घातलं तेव्हा सांगितलं होतं, ते तिथेच राहिलं.

आई हे सगळं रोज ऐकायची. शाळेची अटच होती तशी: मुलीला ठेवून घेतो, पण घरचं माणूस दिवसभर बाहेर बसलं पाहिजे, काही झालं तर आमच्या अंगावर नको. म्हणजे लेक शिकणार आणि आई बाकावर शिक्षा भोगणार. वर्ग वरच्या मजल्यावर. रोज सकाळी चाकाची खुर्ची जिन्याखाली लावायची, पोरीला पाठीवर घ्यायचं आणि कठड्याला धरून चढायचं. पोरगी वाढत्या वयाची, आईची कंबर उतरत्या. वर पोचेपर्यंत तिच्या नाकी नऊ येत. मग वर्गाबाहेरच्या बाकावर बसून ती शिंप्याकडची काजं-बटणं करत बसे.

सतराला गैरहजर ऐकलं की तिची सुई बोटात शिरे. आणि वर आणखी एक होतं. हजेरी संपता संपता सर एक शेवटचा नंबर पुकारत, तेव्हा अख्खा वर्ग एका सुरात ओरडे, "हजर!" एवढी एकजूट त्या कार्ट्यांनी दुसऱ्या कशात दाखवली नव्हती. आणि त्या ओरड्याच्या मागून, सगळे गप्प झाल्यावर, एक बारीक आवाज येई. "हजर." नीट, स्वच्छ, पाठ केल्यासारखा. आईला वाटे, व्हरांड्यात आवाज घुमतो. जुन्या इमारतींचं असतं असं.

"घुमत नाही ताई," घंटामावशी एकदा म्हणाल्या. शाळेत घंटा देणं, झाडणं, पुसणं सगळं त्यांच्याकडे, म्हणून पोरांनी हे नाव पाडलेलं. त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या आणि हातातला झाडू मांडीवर आडवा ठेवला. "ती शेवटची आहे."

"कोण शेवटची?"

"शेवटच्या नंबरची. तिला नावच नाही, मग आणखी काय म्हणायचं?"

आईला वाटलं, मावशींचं काहीतरी बिनसलंय. पण मावशी शांतपणे सांगत गेल्या. खूप वर्षांपूर्वी वरून नियम आला होता. दिव्यांग मुलांसाठी खालच्या मजल्यावर खोली हवी, रॅम्प हवा, लिहून द्यायला लेखनिक हवा, पेपराला जादा वेळ हवा. नाहीतर शाळेची मान्यता जाणार. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, धडाधड सगळं उभं केलं. तपासनीस आला, खूश झाला आणि म्हणाला, सगळं छान, पण मूल कुठंय?

"आता मूल कुठून आणायचं?" मावशींनी तोंड वाकडं केलं. "तशी पोरं ह्यांनी दारातूनच परत पाठवलेली. मग ह्या वर्गात एक नंबर वाढवला. म्हणाल्या, आज आजारी आहे, घरी आहे. पुढच्या खेपेला पोरांना शिकवलं, नंबर आला की हजर म्हणायचं. तेव्हापासून रोज म्हणतात. सवय मोडली तर ऐन तपासणीला घोटाळा नको म्हणून सुट्टीचा दिवस सोडला तर खाडा नाही. सगळी पोरं दरसाल पुढच्या वर्गात जातात. ही इथेच."

"पण मावशी, ती नाहीच आहे ना?"

"नव्हती," मावशी म्हणाल्या. "इतकी वर्षं रोज इतक्या तोंडांनी हजर म्हटलं कुणाला, तर काय होणार? खालच्या खोलीतल्या खुर्चीची गादी मी रोज संध्याकाळी फुगवते ताई. सकाळी सपाट असते." आणि त्या उठून घंटा द्यायला गेल्या.

आईच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण ज्या बाईला घर चालवायचं असतं तिला काट्याबिट्याला फार वेळ नसतो. तिच्यापुढे वार्षिक परीक्षा उभी होती. गेल्या वर्षी मिरचीने सगळ्या विषयांत मार खाल्ला होता, कारण तिच्या हाताने पेपरावर नुसत्या रेघोट्या उठल्या. तोंडी विचारा म्हटलं तर तसा रिवाज नाही म्हणाले. यंदाही नापास झाली तर दाखला हातात देऊ, असं मोठ्या बाईंनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. ती गोड बोलायला लागली की समोरच्याने सावध व्हावं, अशी ती बाई.

आईचा थोरला भाऊ एका वकिलाकडे टायपिंग करायचा. त्याने ऐकलं आणि तो उसळला. "अगं, भीक मागतेस काय? कायद्यात आहे सगळं. लेखनिक, जादा वेळ, खालच्या मजल्यावर वर्ग. हक्क आहे तो पोरीचा, उपकार नव्हे!" त्यानेच अर्ज करून दिला. आईने तो मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला आणि दादाने पढवल्याप्रमाणे एका दमात बोलून टाकलं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सोय नाही असं कोण म्हणतं? या, दाखवते."

जिन्यामागच्या व्हरांड्याच्या टोकाला ती खोली. बाहेर गुळगुळीत रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडे. इतकी वर्षं मिरचीची खुर्ची ह्याच जिन्याखाली उभी राहायची, आणि आई पोरीला पाठीवर घेऊन वर न्यायची. तिचं डोकंच फिरलं. मोठ्या बाईंनी कुलूप काढलं. आत स्वच्छ उजेड. पोटाच्या जागी अर्धगोल कापलेलं टेबल, पाठीला आधार देणारी गादीची खुर्ची, शेजारी लेखनिकाचं स्टूल. टेबलावर टोक केलेली पेन्सिल. ती झिजून अर्धी झालेली होती.

"किती शहाणी मुलगी आहे," मोठ्या बाई एकदम हलक्या आवाजात म्हणाल्या, घरात कुणी झोपलेलं असताना बोलतात तशा. "कधी तक्रार नाही, हट्ट नाही. जे मिळेल त्याला धन्यवाद."

"बाई, ती नाहीच आहे!" आई ताडकन बोलली. "तुम्हीच बनवलीत ना तिला?"

मोठ्या बाईंनी ओठावर बोट ठेवलं आणि खुर्चीकडे बघितलं. त्या बघण्यात क्षणभर खरीखुरी भीती होती. मग त्यांनी आईला बाहेर घेतलं आणि दार ओढलं. "हे बघा. खोली एका मुलीसाठी मंजूर आहे आणि ती दिलेली आहे. दुसरीसाठी मागायची म्हणजे वरून विचारणार, पहिली दाखवा. मग मी काय दाखवू? त्यापेक्षा तुमच्या मुलीला बसवा शेवटच्या नंबरवर. सगळं तयार आहे. लेखनिक देते, वेळ देते. नंबर कुठला का असेना, सोय झाल्याशी मतलब."

आईला आपल्या कमरेची कळ आठवली. जिना आठवला, रेघोट्या आठवल्या. दादाला विचारायला हवं होतं, पण दादाच्या पाठीवर पोरगी नव्हती. तिने मान डोलावली. तिच्या जागी कुणीही डोलावली असती, आणि जो नाही म्हणेल त्याने आधी महिनाभर तो जिना चढून दाखवावा.

दुसऱ्या दिवशी मिरचीला त्या खुर्चीत बसवलं. "अगंबाई, गादी!" मिरची तिच्या पद्धतीने, शब्दाशब्दाला ठेचकाळत म्हणाली. "ह्या बयेने एवढी वर्षं... एकटीनेच... वापरली होय?" आई खळखळून हसली. मग सर हजेरीला खाली आले. त्यांनी शेवटचा नंबर पुकारला.

"हजर," मिरची म्हणाली.

लगेच. नीट, स्वच्छ. मान हलली नाही, जबडा हलला नाही. आईच्या हातातली बटणं खाली सांडली. अहो, जन्मात पहिल्यांदा पोरगी असं बोलली होती! आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. देव पावला म्हणावं तर तेही थोडं वाटलं तिला. तो आवाज तिने आधी कुठेतरी ऐकलाय, हे तिच्या लक्षातच आलं नाही. आनंदात माणसाचे कान बंद होतात.

पहिले काही दिवस ती हवेत होती. पाठीला आराम, बाक खालच्या व्हरांड्यात, सराव पेपराला लेखनिक म्हणून खालच्या वर्गातली एक मुलगी यायची, आणि मिरची घडाघड सांगायची. मार्क चांगले पडले. मोठ्या बाई येता-जाता "काय शहाणी मुलगी" म्हणायच्या. मग आईच्या एक एक गोष्ट ध्यानात यायला लागली.

घरी मिरची पूर्वी दूध पुढे आलं की "साय!" म्हणून बोंब ठोकायची. आता ती पेला घेऊन म्हणाली, "धन्यवाद." आईला वाटलं थट्टा करतेय. तिने मुद्दाम साय घातली. मिरचीने ती गिळली आणि परत म्हणाली, "धन्यवाद." केस ओढून बांधले तरी ओरडली नाही. तिच्या हाताचा कंप थांबला होता, आणि आईला त्याचाच आनंद व्हायला हवा होता. पण थांबलेला तो हात टेबलावर कसा ठेवून दिल्यासारखा पडून असायचा. मामा आला, त्याने नेहमीसारखं डिवचलं, "काय गं भांडखोर, आज कुणाचा बळी घेतलास?" एरवी तिने त्याच्या टकलाचा उद्धार केला असता. ती नुसती हसली. तपासनीसाला दाखवायचं हसू होतं ते.

"पोरगी बरीय ना?" मामाने स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं. आईने त्याला खोलीचं, नंबराचं सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून खाली बसला. "तू हक्क मागायला गेलीस आणि पोरगी देऊन आलीस गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने वर जाऊन वर्गाची हजेरी ऐकली. सर सोळा म्हणाले, आणि मग अठरा म्हणाले.

"सर," तिने दारातून हाक मारली, "सतरा?"

सरांनी वर बघितलं. माणूस वाईट नव्हता, गोंधळलेला होता. "सतराला कुणीच नाही ना? आपण... आपण कोणाच्या आई?"

"मिरचीच्या! पहिल्या बाकावर बसायची ती!"

सरांनी पहिल्या बाकाकडे बघितलं, मुलांनीही बघितलं, आणि मग सगळ्यांनी आईकडे बघितलं. मग सरांचा चेहरा उजळला. "हां हां, आपण शेवटच्या नंबरच्या आई! मग खाली जा ना. किती शहाणी मुलगी!"

संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती पोरीला न्यायला खोलीत गेली. "मिरचे, चल, घरी जाऊ." मिरचीने ओ दिली नाही. ही हाक दुसऱ्या कुणाला मारलीय असं तिला वाटत असावं. मग ती दोन्ही डोळे मोठे करून म्हणाली, "घरी? मी पण?"

"म्हणजे काय? रोज नाही का जात?"

"मला कुणी न्यायला येत नाही," पोरगी त्या स्वच्छ आवाजात म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत असं काही होतं की आईने मान वळवली. खोली बाहेरच्यापेक्षा गार होती. आईने तिला ओढूनच खुर्चीतून काढलं. त्या रात्री तिने पोरीला कुशीत घेऊन सगळं करून बघितलं, गुदगुल्या, शिव्या, लहानपणच्या खोड्या. पोरगी प्रत्येकाला धन्यवाद म्हणत राहिली. आई उशीत तोंड खुपसून रडली. तिला ती भांडकुदळ, हट्टी, साय थुंकणारी पोरगी परत हवी होती. तिचं बोलणं दिवसभर चाललं तरी चालेल, पण तिचं हवं होतं.

"उद्यापासून नाही बसवणार," दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या बाईंना सांगितलं.

"उद्या तपासणी आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि आवाजातला गोडवा गेला होता. "उद्या ती खुर्ची रिकामी राहिली तर परीक्षा विसराच. आणि नाव काढून न्यायचं म्हणाल, तर कुणाचं नाव? सतराला आमच्याकडे कुणी नाही."

तर असा तो दिवस उजाडला. दारात रांगोळीसारखा चुना टाकला होता, कुंड्या मांडल्या होत्या. तपासनीस साहेब आले, थकलेले, रुमालाने मान पुसत. त्यांनी रॅम्पवरून चालून बघितलं, कठडा हलवून बघितला, खोलीत आले. मोठ्या बाई, सर, दाराशी घंटामावशी, आणि कोपऱ्यात आई. खुर्चीत पोरगी, तेल लावून चापून विंचरलेली.

"काय बेटा, सगळं मिळतं ना?"

"हो. सगळं मिळतं. धन्यवाद."

"काही अडचण?"

"नाही. धन्यवाद."

"काही हवंय?"

पोरगी थांबली. हा प्रश्न पाठ केलेला नव्हता. तिचे ओठ उघडे राहिले आणि डोळे भिरभिर फिरत आईवर येऊन थांबले. त्या नजरेत, अगदी खाली, आईला मिरची दिसली. चिडलेली, अडकलेली, कुणी दार बाहेरून लावलं की दिसते तशी.

"गुणी आहे, लाजते," मोठ्या बाई घाईने म्हणाल्या.

"लाजत नाही!" आई पुढे झाली. तिने पोरीच्या काखेत हात घातले, त्या गादीवरून तिला उचललं आणि आपल्या जुन्या चाकाच्या खुर्चीत बसवलं. गादी सोडताना काहीतरी तटकन तुटल्यासारखं तिच्या हातांना लागलं. "साहेब, ही ती मुलगी नाही. ही माझी आहे. हिचा नंबर सतरा. खोली, लेखनिक, वेळ, सगळं हिला हिच्या नंबरवर पाहिजे. दुसऱ्याच्या नाही. सर, पुकारा सतरा."

"अहो, सतराला तर..." सर पुटपुटले.

"पुकारा!"

सरांनी पुकारलं, "सतरा."

कुणी बोललं नाही. पोरीची मान सरळच होती. वर पंखा खर्रखर्र करत होता. साहेबांनी घड्याळ बघितलं. मोठ्या बाईंना ती शांतता सोसेना, त्यांचं तोंड उघडलं, "हज—"

"तुम्ही नाही," आई म्हणाली. "कुणीच नाही. कायद्यात जादा वेळ लिहिलाय ना, साहेब? तो ह्याच्यासाठी असतो. थांबायचं."

सगळे थांबले. बाहेर तास संपायची वेळ झाली, घंटामावशींनी हात मागे बांधले आणि घंटा दिली नाही. खुर्चीच्या हातावर पोरीचं एक बोट हललं. मग दुसरं. मग सगळा हात थरथरा कापायला लागला, तो जुना, आपल्या सवडीने वागणारा कंप, आणि आईला वाटलं आपण आता ओरडू. तिने ओठ दाबून धरले. मान वळली. जबडा इकडून तिकडे गेला. कपाळावर घाम फुटला. "ह," पोरगी म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा "ह," आणि ओठ जमवाजमव करत राहिले, आणि एवढी मोठी माणसं श्वास धरून एका पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ह... जर," मिरची म्हणाली. दम खाऊन तिने आणखी एक वाक्य गोळा केलं. "आणि... पाणी द्या की... कुणीतरी. पुतळे... झालेत... नुसते."

आई गुडघ्यावर बसली आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून हमसून हमसून रडायला लागली. "केस... ओढतेस," मिरची म्हणाली. ओढत नव्हतीच ती. पण तक्रार ऐकून आईच्या जिवात जीव आला.

साहेबांनी घसा खाकरला. ते काही देवमाणूस नव्हते, पण त्यांनी ऐकलं होतं, आणि ऐकलेलं आता परत देता येत नव्हतं. वर्गच खाली आणा, ते म्हणाले, सगळ्या मुलांसकट. लेखनिक सतराला, वेळ सतराला, मी परीक्षेला स्वतः येईन. मोठ्या बाई मान हलवत राहिल्या. मग घाम पुसून म्हणाल्या, "तर मग तो शेवटचा नंबर आजच कमी करून टाकते. आता त्याची गरज नाही."

खोली एकदम गार पडली. दाराशी घंटामावशींनी पदर तोंडाला लावला. सगळ्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. तिची गादी दबलेली होती. मिरचीला उचलून बराच वेळ झाला होता आणि गादी अजून दबलेलीच होती.

"तिला... विचारा ना," मिरची म्हणाली.

"काय विचारायचं?" सरांचा आवाज चिरका निघाला.

"मी... आत होते तिच्या. तिला सगळं... दिलं. कुणी... विचारलं नाही कधी."

बाकीचे दाराकडे सरकले. साहेब तर उंबऱ्यापर्यंत पोचले होते. आईलाही पळून जावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोला, पोरीची खुर्ची वळवून धूम ठोकावी असंच वाटत होतं तिला. ह्याच पोरीने तिची पोरगी गिळली होती. पण मग तिला ते डोळे आठवले. घरी? मी पण? शाळा सुटली की सगळ्या मुलांना कुणी ना कुणी नेतं, दार लागतं, दिवे जातात, आणि गादी सकाळपर्यंत दबलेली राहते. एवढी वर्षं. हजर, हजर, हजर.

ती त्या खुर्चीसमोर उकिडवी बसली. "तुला काय हवंय गं, बाळा?" तिने विचारलं.

आणि ती थांबली. थांबणं तिला येत होतं. पंखा फिरत राहिला. मोठ्या बाई भिंतीला टेकल्या होत्या. कापलेल्या टेबलाच्या काठाशी ती झिजलेली पेन्सिल किंचित हलली आणि निवांत झाली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग आवाज आला, पण तो स्वच्छ नव्हता, पाठ केलेला नव्हता. अडखळत, एक एक अक्षर शोधत, पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं बोलावं तसा.

"घ... री."

खुर्चीची गादी हळूहळू वर आली.

शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना कुणी त्यांना अडवलं नाही. मिरची आपल्या खुर्चीत एका बाजूला सरकून, कडेला चेपून बसली होती. सपाट रस्ता होता, तरी चाकं जड जात होती. आईच्या कमरेला कळ आली, तिने खुर्चीच्या मुठी घट्ट धरल्या आणि नेहमीच्या सवयीने झपाझप ढकलायला लागली.

"आई," मिरची म्हणाली, "हळू... चालव ना. तिने... रस्ता... बघितला नाहीये कधी."

आईने हळू केलं.